लिश्टेनफेल्सची बुरुडीण

लताच्या आईचा एक नियम होता. घरात तीन मुलं, थोरली लता आणि तिच्या पाठचे दोन भाऊ. भावांनी शाळेतून आल्यावर ओट्यावर बसून बांबूच्या कांब्या काढायच्या, लतानं मात्र बांबूला हात लावायचा नाही. झाडलोट कर, पाणी भर, भाकऱ्या थाप, नाहीतर पुस्तक घेऊन आत बस, पण सुरी धरायची नाही. कराडच्या त्या बुरूड गल्लीत घरोघरच्या पोरी सुपं विणायच्या. शेजारणी हौसाबाईला टोचून विचारायच्या, लेकीला काय कलेक्टर करतीस का? हौसाबाई मान खाली घालून पुढची काडी घ्यायची.

लता नऊ वर्षांची असताना तिचे वडील वारले आणि दुकान हौसाबाईच्या गळ्यात आलं. सुपं, दुरड्या, रोवळ्या, कोंबड्यांची डालगी, लग्नसराईत रुखवताच्या परड्या आणि बारा महिने तिरडीचे बांबू. हौसाबाईच्या बोटांना कायम चिरा पडलेल्या असत. त्यात हळद भरून ती चिंधी बांधायची आणि तशीच कामाला लागायची. लेकीचे हात असे होऊ द्यायचे नाहीत, एवढंच तिनं ठरवलं होतं, आणि तिनं ते तडीस नेलं. लता बी.कॉम. झाली, एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागली. पंचविसाव्या वर्षी श्रीनाथ साळुंखेचं स्थळ आलं. माणसं त्यांच्यातलीच होती, पण श्रीनाथच्या आजोबांनी एस.टी.त नोकरी धरल्यापासून त्या घरात कुणी बांबू फोडला नव्हता. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. हौसाबाईला आणखी काय हवं होतं?

चार वर्षांनी श्रीनाथला न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. लता तीन वर्षांच्या लेकीला, मैत्रेयीला, घेऊन त्याच्यामागून गेली. तिथं तिच्या बी.कॉम.ला कुणी विचारलं नाही. तिनं जर्मनच्या परीक्षा दिल्या, बी-वन या मधल्या पातळीपर्यंत पोचली, मग एका बेकरीत सकाळच्या पाळीला लागली. नंतर एका शाळेच्या स्वयंपाकघरात, नंतर वर्षभर एका गोदामात पार्सलं लावायला. काम वाईट नव्हतं, माणसंही बरी होती. पण रविवारी रात्री ती उद्याचा गजर लावायचं टाळत बसायची. श्रीनाथ म्हणायचा, नको करूस, आपलं भागतंय. तिला नुसतं भागायला नको होतं. काय हवं होतं ते मात्र तिला सांगता यायचं नाही.

मराठी मंडळात त्यांची ऊठबस होती. तिथं पुण्या-मुंबईची मंडळी, बरीचशी इंजिनियर. साळुंखे आडनाव अनेक जातींत असतं, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. माहेरचं काय, असं कुणी विचारलंच तर लता सांगायची, दुकान आहे. कसलं, असं विचारणारं सहसा कुणी भेटत नसे.

त्या सप्टेंबरात मंडळातली चार कुटुंबं मिळून रेल्वेनं लिश्टेनफेल्सला गेली. माइन नदीकाठचं हे छोटं गाव, न्युरेम्बर्गहून तास-सव्वा तासाच्या अंतरावर. तिथं दर वर्षी टोपल्यांचा बाजार भरतो. वसुधाताईंना, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना, दिवाळीच्या फराळाला देखण्या टोपल्या हव्या होत्या. स्टेशनाबाहेर पडून चौकात आल्यावर लता जागीच थांबली. सगळा चौक विणलेला होता. वाळुंजाच्या, म्हणजे ज्याला तिथं वायडे म्हणतात त्या झाडाच्या, फोकांच्या टोपल्या, पाळणे, खुर्च्या, पक्ष्यांची घरटी. आणि मांडवामांडवात बाया-बापये खाली मान घालून बसलेले, हात चाललेले.

एका मांडवात साठीची एक बाई फोक उभा चिरून दाखवत होती. तिचं नाव बार्बरा डिंकेल, जवळच्याच खेड्यात तिची कार्यशाळा होती. तिनं बघ्यांतल्या एका तरुणाच्या हातात फोक दिला. त्यानं टोकाला चीर घातली, पण हातभर जायच्या आतच ती एका बाजूला पळाली आणि फोक तुटला. लताच्या तोंडून निघून गेलं, "जाड बाजू वाकवा. बारीक नाही, जाड." हे ती जर्मनमध्ये बोलली, आणि बोलल्यावर दचकली.

फ्राऊ डिंकेलनी मान वर केली. दुसरा फोक उचलून तिच्यापुढे धरला. लतानं आयुष्यात पहिल्यांदा चीर घातली. वीतभर नीट गेली, मग तिची बोटं घाबरली आणि फोक तुटला. पण कुठे चुकलं ते तिला कळलं होतं, आणि तिला ते कळलंय हे समोरच्या बाईंनाही कळलं होतं. हे कुठे शिकलीस, असं त्यांनी विचारलं. आईकडून, असं म्हणून लतानं पटकन मागे वळून पाहिलं. वसुधाताई दोन मांडव सोडून टोपल्यांची घासाघीस करत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

लिश्टेनफेल्सात विणकामाची सरकारी शाळा आहे, तीन वर्षांचं शिक्षण असतं, हे फ्राऊ डिंकेलनीच सांगितलं. लतानं घरी येऊन सगळं वाचून काढलं, आणि चार महिने त्यावर काहीच केलं नाही. मग एक दिवस गोदामातून परत येताना ट्राममध्ये बसून तिनं अर्ज भरला. वय वर्षं छत्तीस.

श्रीनाथनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "जा तू. मला काही अडचण नाही. पण तुझ्या आईंना काय सांगणार?"

आईला डिझाईनचा कोर्स असं सांगायचं ठरलं. मंडळातही तेच.

शाळेत तिच्या वर्गात तिला धरून सातजणी होत्या आणि बाकीच्या सगळ्या तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. सहाची आगगाडी धरायची. पहिले दोन महिने शिक्षकांची त्या भागातली फ्रँकिश बोली तिला निम्मी कळायची, पण हातांनी दाखवलेलं सगळं कळायचं. फोक किती वेळ भिजवायचा, बूड कसं बांधायचं, उभ्या काड्या बुडात कशा रोवायच्या, तीन काड्यांचा पीळ देत फेरा कसा बसवायचा. फोक तीन भागांत चिरायला एक लाकडी खुंटी असते, तिला तीन धारा असतात. ती खुंटी लताच्या मुठीत अशी बसली की शिक्षिकेनं इतरजणींना तिचा हात पाहायला बोलावलं. पहिल्या वर्षी तिच्या डाव्या तर्जनीवर तीन जखमा झाल्या. रात्री त्यांवर हळद लावताना तिला हसू यायचं आणि मागोमाग भीतीही वाटायची.

सुट्ट्यांत ती फ्राऊ डिंकेलच्या कार्यशाळेत उमेदवारीला जायची. त्या मोजकं बोलत. एकदा खुर्चीची बैठक विणता विणता त्यांनी त्यांच्या गावाची हकीकत सांगितली. त्यांच्या आजीच्या काळी त्या पट्ट्यातली गावंच्या गावं घरी बसून टोपल्या विणायची, पोरंसोरंसुद्धा. व्यापारी येऊन घेऊन जायचे, मिळायचं थोडंच. पुढे कारखाने आले तशी माणसं तिकडे पळाली. बार्बरानं हा धंदा शिकायचं ठरवलं त्या दिवशी तिची आई स्वयंपाकघरात बसून रडली होती. लतानं विचारलं, मग त्यांची समजूत कशी पटली? फ्राऊ डिंकेल म्हणाल्या, "पटलीच नाही. तिला सवय झाली."

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात हौसाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे आली. वय अडुसष्ट, पहिल्यांदाच विमानात बसलेली. लतानं आठवडाभर आधी फोक, हत्यारं, पुरे झालेले आणि अर्धे राहिलेले नमुने, सगळं तळघरातल्या आपल्या कोठडीत, केलरमध्ये, नेऊन कुलूप घातलं. मैत्रेयीलाही बजावून ठेवलं होतं. तशी गरज नव्हती. मैत्रेयीला आजीचं सगळं कळायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची.

घरी पोचल्यावर लतानं आईच्या हातात चहा दिला. हौसाबाईनं कप खाली ठेवला आणि लेकीचा डावा हात धरून उजेडाकडे वळवला. तर्जनीवरचे व्रण पाहिले, अंगठ्याचा घट्टा चाचपला, नखांच्या कडांना बसलेला तपकिरी डाग पाहिला.

"कधीपास्नं करतीस?" तिनं विचारलं.

लतानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. दोन वर्षं होत आली, असं सांगितलं. कुठं, कसं, तेही सांगितलं. हौसाबाईनं सगळं ऐकलं.

"मी तुझ्या हाताला सुरी लागू दिली न्हाई," ती म्हणाली. "आणि तू इमानात बसून हितवर आलीस, त्येच करायला?"

त्यानंतर आठ दिवस ती लेकीशी बोलली नाही. श्रीनाथशी बोलायची, नातीला जवळ घेऊन बसायची, बाल्कनीत उभी राहून खालच्या सायकली पाहायची. लता समोर आली की तोंड फिरवायची. श्रीनाथनं आपल्या परीनं समजावून पाहिलं. अहो आई, इथे याची परीक्षा असते, सरकारी प्रमाणपत्र असतं, ही कला समजतात. हौसाबाईनं त्याला मध्येच थांबवलं.

"शाळंत शिकवलं म्हनून काम बदलतं का, श्रीनाथराव?"

श्रीनाथ उठून मैत्रेयीच्या खोलीत गेला. आईला सांगायला म्हणून लतानं दोन वर्षांत मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, पण आईच्या बोटांकडे पाहिलं की त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

मग फिंग्स्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या सणाच्या, सुट्ट्या लागल्या. एका गुरुवारी दुपारी फ्राऊ डिंकेलचा फोन आला. त्या सायकलवरून पडल्या होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये होता. कार्यशाळेतली दुसरी बाई इटलीला गेलेली. आणि गावातल्या एका म्हाताऱ्याची शवपेटी अर्धी विणून पडली होती. अलीकडे काही लोक लाकडी पेटीऐवजी फोकांची विणलेली पेटी मागतात. या म्हाताऱ्यानं तशी इच्छा लिहून ठेवली होती. दफन सोमवारी होतं. लता शुक्रवारी येऊ शकेल का?

लता फोनवर अडखळली. घरी आई आलीय, विचारून सांगते, म्हणाली. फोन ठेवला तर हौसाबाई दारात उभी होती. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं आपणहून विचारलं, कुणाचा फोन होता. लतानं सांगितलं.

"मंग न्हाई का म्हनलीस?"

"नाही म्हटलं नाही. विचारून सांगते म्हटलं. तू इथे एकटी..."

"मयताचं काम अडवायचं न्हाई," हौसाबाई म्हणाली. "सांग तिला, आपण दोघी येतो म्हनून."

हे लताला ठाऊकच होतं. कराडच्या दुकानात तिरडीचे बांबू न्यायला माणूस आला की हौसाबाई भाकरीच्या ताटावरून उठायची. त्या कामात घासाघीस नाही, उद्या या नाही, आणि ते काम संपेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. ही तिची स्वतःची पद्धत होती, गल्लीतले बाकीचे चहा पिऊन घेत.

शुक्रवारी सकाळी दोघी कार्यशाळेत पोचल्या. हौसाबाईनं नऊवारीवर श्रीनाथचं स्वेटर घातलेलं. फ्राऊ डिंकेलनी प्लास्टरचा हात सावरत खुर्ची पुढे केली, पण हौसाबाईनं कोपऱ्यातलं एक पोतं ओढलं आणि जमिनीवर बसली. हौदात भिजत पडलेल्या सोललेल्या फोकांतला एक उचलला, वाकवून पाहिला, बोटाभोवती गुंडाळून पाहिला. हे चिरायचं नाही, सबंधच विणायचं, हे ऐकून तिला नवल वाटलं. लतानं तीन काड्यांचा पीळ दाखवला. हौसाबाईच्या हातून पहिला फेरा वाकडातिकडा गेला, दुसरा बरा, आणि चौथ्या-पाचव्या फेऱ्याला तिनं लेकीकडे पाहणं सोडलं.

दुपारी तिनं लताच्या बाजूकडे बोट दाखवलं. सहा फेरे सैल बसले होते. "हितं माणसाचं वजन येनार. उसव."

लतानं पेटीच्या त्या बाजूकडे पाहिलं. सहा फेरे म्हणजे दोन तासांचं काम. तिनं फ्राऊ डिंकेलकडे पाहिलं. त्यांना शब्द कळले नव्हते, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं. त्या वाकल्या, फेऱ्यात नख घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे बरोबर आहे. लता उसवायला बसली.

शुक्रवार, शनिवार, रविवारची सकाळ. धंद्याची भाषा हौसाबाईची आणि फ्राऊ डिंकेलची वेगळी होती, हत्यारं वेगळी होती, तरी त्या दोन म्हाताऱ्या आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि काम पुढे सरकत होतं. फार बोलणं झालं असंही नाही. हौसाबाई काम चालू असताना दिवसभर काही खायची नाही, संध्याकाळी घरी येऊन जेवायची. फ्राऊ डिंकेलनी पहिल्या दिवशी कॉफी आणि केक पुढे केला. लतानं कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतःचाही कप बाजूला ठेवला. उचलायचे दांडे अडकवायच्या जागा हौसाबाईनं स्वतः बांधल्या, आणि त्यांना लोंबकळून त्या टिकतात का ते पाहिलं.

रविवारी दुपारी त्या म्हाताऱ्याची मुलगी पेटीत घालायचं कापड घेऊन आली. वडील रेल्वेत सिग्नलवर होते, चाळीस वर्षं. तिनं विणीवरून हात फिरवला, थोडं रडली, आणि तिघींशी हस्तांदोलन केलं. हौसाबाईनं आधी हात पदराला पुसला, मग पुढे केला.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. डबा जवळपास रिकामा होता. बाम्बेर्ग स्टेशन गेलं. मग लता म्हणाली, "मला आवडतं गं हे, आई. लहानपणीही आवडायचं. मी आत बसून पुस्तक धरायचे, पण लक्ष तुझ्या सुरीच्या आवाजाकडेच असायचं."

हौसाबाई खिडकीबाहेर पाहत होती.

"मला कधीच आवडलं न्हाई," ती म्हणाली. "एक दिवस न्हाई."

हे लताला ठाऊक नव्हतं. आई इतकं नीटनेटकं विणते म्हणजे तिला त्यात गोडी असणार, असं तिनं धरून चाललं होतं. थोड्या वेळानं आईनं विचारलं, घरात मीठ संपलं होतं ते आणलंस का. लता म्हणाली, आज रविवार, दुकानं बंद असतात. शेजारणीकडून घेऊ.

त्या दिवसापासून हौसाबाई लेकीशी पूर्वीसारखी बोलू लागली, पण कार्यशाळेत ती परत गेली नाही. लतानं दोनदा विचारलं, फ्राऊ डिंकेलनी निरोप पाठवला, तरी नाही. केलरचं कुलूप मात्र निघालं. लता दिवाणखान्यात बसून विणायची आणि हौसाबाई सोफ्यावरून तिच्या चुका काढायची. जुलैअखेर ती परत गेली. गल्लीत तिनं काय सांगितलं ते लताला धाकट्या भावाकडून, सिद्धेशकडून, कळलं. ताई डिझाईन शिकते, असंच ती सगळ्यांना सांगत होती. लताला वाईट वाटलं आणि रागही आला. मग आठवलं, हे खोटं आपणच आईच्या हातात दिलं होतं.

मंडळात मात्र लतानं ते खोटं मोडलं. त्या वर्षी गणपतीच्या मखराची चर्चा चालली होती. वसुधाताई म्हणाल्या, लता, तू डिझाईनवाली, तूच काहीतरी सुचव. लता म्हणाली, फोकांचं विणून देते. हे कुठून सुचलं तुला, असं त्यांनी कौतुकानं विचारलं.

"घरचाच धंदा," लता म्हणाली. "आम्ही बुरूड. आईचं कराडला सुपा-टोपल्यांचं दुकान आहे. मी इथे त्याचंच शिक्षण घेतेय."

मग जयंत नावाचे एक गृहस्थ म्हणाले, मखर किती फुटी लागेल? आणि चर्चा पुढे गेली. नऊ वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते असं दोन मिनिटांत संपलं. पुढे काय बदललं? दोघींनी तिला कपड्यांच्या टोपल्या विणायला सांगितल्या. एक बाई पूर्वी दर महिन्याला हळदीकुंकवाला बोलवायची, तिचं बोलावणं हळूहळू बंद झालं. याचं कारण तेच की दुसरं काही, हे लतानं कधी विचारलं नाही. वसुधाताईंनी मात्र मखराजवळ पाटी लावली आणि तीत लताच्या नावाखाली कराडच्या दुकानाचं नावही लिहिलं. न विचारता लिहिलं, हे लताला आधी खटकलं. मग तिनं त्या पाटीचा फोटो काढून सिद्धेशला पाठवला.

पुढच्या उन्हाळ्यात तिची परीक्षा झाली. परीक्षेचं काम म्हणून तिनं चिरलेल्या बारीक फोकांची झाकणाची टोपली विणली. सातजणींत तिचा दुसरा नंबर आला. आता तिच्याकडे कागद आहे, त्यावर ती धंद्याची रीतसर कारागीर आहे असं लिहिलंय. आठवड्यातले चार दिवस ती फ्राऊ डिंकेलकडे काम करते. मोडलेल्या खुर्च्यांच्या बैठका येतात, बेकऱ्यांच्या पावाच्या टोपल्या येतात, वर्षात चार-पाच शवपेट्या येतात. पेटी विणायच्या दिवशी कार्यशाळेत कॉफी होत नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तशी रीत पडून गेली.

गेल्या हिवाळ्यात तिनं माइनकाठी जमिनीचा एक लहान तुकडा भाड्यानं घेतला आणि स्वतःच्या वाळुंजाच्या काड्या लावल्या. कापणीला येतील असे फोक मिळायला दोन-तीन वर्षं जातील. एप्रिलमध्ये कोंब आले तेव्हा तिनं आईला व्हिडिओवर शेत दाखवलं. हौसाबाईनं फोन जवळ धरून पाहिलं.

"लई दाट लावलंयस," ती म्हणाली.

लतानं सांगितलं, दाट लावलं की फांद्या फुटत नाहीत, फोक सरळ वाढतो.

"आणि पानी?"

"नदी आहे ना शेजारी."

हौसाबाई बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, राखण कोण करतं. इथे राखण लागत नाही म्हटल्यावर तिला ते काही खरं वाटलं नाही.